ठाणं पायी दाखवायचंय : सोबत बाबा, बायको आणि लेक

चरईकर

मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याला येतोय. चरईतलं घर विकल्यापासून बाबा आमच्याकडे बंगळुरातच असतात. मधल्या काळात ठाण्याला आलोच नाही असं नाही, पण ते येणं म्हणजे कुणाचं लग्न, कुणाची मुंज, नाहीतर कुणाचे दिवस. स्टेशनवरून रिक्षा, रिक्षातून कार्यालय, जेवण, परत रिक्षा. बायको अकोल्याची. तिच्या लेखी ठाणं म्हणजे आत्याचा सोफा आणि घोडबंदर रोडचा ट्रॅफिक. लेक नववीत आहे, तिला मॉल तेवढा आठवतो.

यंदा कार्य कसलंच नाही. चौघांनी नुसतं फिरायचं ठरवलंय, आणि जमेल तितकं पायी. अडचण एकच. बाबा ऐंशीच्या घरात, हातात काठी. अर्धा तास चालतात, मग टेकायला जागा लागते. मुक्काम चुलतभावाकडे पाटलीपाड्याला.

कच्चा बेत असा: एका सकाळी तलावपाळी, कौपिनेश्वर, जांभळी नाका आणि मामलेदारची मिसळ. एका संध्याकाळी गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी. एकदा उपवन, जमलं तर येऊर. याच्यापुढे गाडी अडते. कारण मी जिथं राहिलो, शाळेत गेलो, सिनेमे पाहिले, तेवढंच ठाणं मला येतं. बाकीचं तुम्ही सांगा. बसायच्या जागा आवर्जून सांगा. मॉल सुचवू नका, ते काम चुलतभाऊ करणारच आहे.

नौपाडा_दुसरा_मजला

स्वागत! मी अजून तिथंच राहते, त्यामुळे रोजचं डोळ्यासमोरचं सांगते.

संध्याकाळचा गोखले रोड काठी घेऊन चालण्यासारखा राहिलेला नाही. फुटपाथवर स्कूटर, स्कूटरवर पिशव्या, आणि उरलेल्या जागेत आपण. राम मारुती रोडही सहानंतर खरेदीवाल्यांचा. हे दोन्ही रस्ते सकाळी सातला करा. दुकानं बंद असतात, पण त्यामुळेच वरच्या मजल्यांकडे लक्ष जातं. जुन्या दोन-तीन मजली इमारती किती उरल्यात आणि किती पत्र्याच्या आड गेल्यात, ते बाबांना दिसू दे. पुनर्विकासाने नौपाडा अर्धा झाकून टाकलाय.

तलावपाळीला सकाळीच जा. गडकरी रंगायतनकडून सुरुवात करून चर्चच्या दिशेने चालायचं. कडेने बसायला जागा आहे, पण साडेसातनंतर ज्येष्ठ मंडळींचे ठरलेले कट्टे भरतात. बाबांना तिथं एखादा ओळखीचा भेटला तर पुढचा बेत गुंडाळून ठेवा, कारण ते उठणार नाहीत.

जांभळी नाका मात्र गर्दी असतानाच बघण्यासारखा आहे. बायकोला तिथं मोकळं सोडा. तासाभराने फोन करा.

तिखटजाळ

मिसळीबद्दल कुणी काही बोलायच्या आत सांगून ठेवतो. मामलेदारला ‘तिखट’ मागणं हे पाहुण्यांचं काम नाही. ‘मिडियम’ सांगा, लेकीसाठी कमी तिखट. कचेरीच्या फाटकाशी उभं राहून खायचा जो प्रकार होता तो आता गर्दीमुळे थोडा बदललाय, पण तर्री तीच. रविवारी जाऊ नका. रविवारी सगळी मुंबई तिथं असते.

वडापाव: विष्णुनगरला गजानन. ती पिवळी पातळ बेसनाची चटणी दुसरीकडे मिळत नाही.

बाराआण्याचा_पास

चटणी मिळत नाही हे खरं. पण वडा? वडा कुंजविहारचाच. स्टेशनातून बाहेर पडल्यावर तो हातात धरला की घरी येईपर्यंत पुरायचा. आमच्याकडे ‘ठाण्याला उतरलो’ याचा पुरावा म्हणून तो घरी न्यावा लागे.

तिखटजाळ

आकारावर जाऊ नका हो.

बाराआण्याचा_पास

चव चटणीची, पोट वड्याचं. मी थांबतो, नाहीतर धागा इथंच संपेल.

चेंदणीचा_नाखवा

चरईकर, तुमच्या बेतात ठाणे पूर्व औषधालासुद्धा नाही. सगळ्या ठाणेकरांचं हेच. रेल्वेचा पूल उतरला की त्यांचा नकाशा संपतो.

आमचा चेंदणी कोळीवाडा या शहरातल्या सगळ्यात जुन्या वस्त्यांपैकी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून १४ डबे आणि चारशेच्या आसपास माणसं घेऊन पहिली गाडी ठाण्याला आली, ३४ किलोमीटर कापून, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणकडे गेले. ते रूळ कुणाच्या अंगणातून गेले हे मात्र कुणी पाठ केलं नाही. कोळीवाड्याचे दोन तुकडे झाले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. सख्ख्या भावांची घरं रुळांच्या दोन बाजूंना. नारळी पौर्णिमेला दोन्हीकडची माणसं खाडीवर येतात, एरवी मधे प्लॅटफॉर्म आहेत.

लेकीला हे दाखवा. पूर्वेच्या गल्ल्यांतून मीठबंदर रोडने खाडीपर्यंत या. मिठागरं होती म्हणून ते नाव. रस्ता सपाट आहे, बाबांना जमेल. खाडीला वास येईल, त्याची तयारी ठेवा. पूर्वी इथं मासळी भरपूर होती, आता काय मिळतं ते विचारू नका.

आणि नाश्ता कोपरी कॉलनीत करा. फाळणीनंतर आलेली सिंधी मंडळी तिथं वसली. दाल-पकवान खाऊन बघा, म्हणजे मिसळ आणि वड्याच्या भांडणातून बाहेर पडाल.

नौपाडा_दुसरा_मजला

नाखवा, जन्म ठाण्यात आणि मी मीठबंदरला कधी गेलेले नाही. टोमणा पोचला.

कोटनाका

इतिहासाची आवड असेल तर कोर्ट नाक्याला जरूर जा. मध्यवर्ती कारागृह बाहेरूनच पाहायला मिळतं, पण ती भिंत साधी नाही. तो मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि काम पुरं व्हायच्या आत, १७३७ ला, मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला.

नववीतल्या मुलीला त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगाच. पेशव्यांचे कारभारी, गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून इथं कैदेत. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठी कळत नव्हतं. घोड्याचा मोतद्दार म्हणून आलेला माणूस भिंतीखाली गाणी म्हणायचा आणि गाण्यातून निरोप द्यायचा, अशी कथा सांगतात. १८१६ ला ते निसटले.

त्याच भिंतीआड १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाचा खटला. कान्हेरे तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. हे सांगताना मी तरी कुणाला तिथं सेल्फी काढू देत नाही.

टेंभीनाक्यावरची

कोर्ट नाक्यापर्यंत जाताय तर टेंभी नाका दोन पावलांवर. तिथलं सिनेगॉग, ‘शार हाशमायीम’, १८७९ चं आहे. ठाण्यात बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांची मोठी वस्ती होती. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे. आमच्या शेजारच्या काकू पक्क्या अलिबागी मराठी बोलायच्या, पुरणपोळी आमच्यापेक्षा चांगली करायच्या, आणि त्यांच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची छोटी डबी, असायची. आता बरेच जण इस्रायलला गेले. आत जायचं तर आधी विचारावं लागतं, ऐनवेळी दारात उभं राहून चालत नाही. बाहेरून बघा आणि तिथंच जवळच्या जैन मंदिरातही डोकावा. देऊळ, सिनेगॉग, चर्च, सगळं काठीच्या टप्प्यात आहे. त्या बाबतीत जुनं ठाणं म्हाताऱ्यांना सोयीचं.

नवरात्रात आला असतात तर टेंभी नाक्याची देवी दाखवली असती. पण मग चालणं विसरा, लोक आपोआप पुढे नेतात.

पाटलीपाडा_टॉवर_बी

इतकं सगळं वाचलं. आमचं नाव ट्रॅफिकच्या वाक्यात एकदा आलंय, तेवढंच.

ठाण्याबद्दल धागा निघाला की तो तलावपाळीला सुरू होतो आणि मामलेदारला संपतो. माझा मुलगा इथं घोडबंदर रोडला जन्मला. त्याच्यासाठी ठाणं म्हणजे मागे येऊरचा डोंगर, पुढे खाडी आणि मधे मेट्रोचे खांब. त्याला उद्या कुणी ‘तुझं ठाणं दाखव’ म्हटलं तर तो गडकरीला नेणार नाही, हिरानंदानीतल्या फूटपाथवर नेईल. कारण तिथं फूटपाथ आहे!

चरईकर, मुक्काम आमच्याकडेच आहे तर एक सकाळ इथं ठेवा. कोलशेतला नमो सेंट्रल पार्क २०२४ ला सुरू झालंय, वीस एकर. बसायला जागा भरपूर, स्वच्छतागृह आहे, सपाट आहे. तुमच्या बाबांसाठी तलावपाळीपेक्षा बरं. नाक मुरडण्याआधी बघून या.

बाराआण्याचा_पास

तुमच्या फूटपाथबद्दल हेवा वाटतो, हे मान्य. पण फुटपाथ असलेल्या जागी भेटायला कोण येतं?

पाटलीपाडा_टॉवर_बी

माणसं येतात. तुमच्या ओळखीची नसतात, एवढंच.

जेके_ग्राम

दोघेही बरोबर आहात, भांडू नका. मधलं ठाणं राहिलंय ते मी सांगतो: वर्तकनगर, पोखरण रोड, वागळे.

तुम्ही रिक्षावाल्याला काय सांगता? नितीन कंपनी. कॅडबरी. गोल्डन डाईज. निम्म्या शहराचे पत्ते कारखान्यांवर चालतात, आणि उतरून बघावं तर समोर भलतंच काही. पोखरण रोडला रेमंडची लोकरीची गिरणी होती. गिरणी बंद झाली आणि आता त्या जमिनीवर टॉवर आहेत. कॅडबरीजवळून बस गेली की चॉकलेटचा वास यायचा आणि आख्खी बस शाळेतली असो की ऑफिसची, एक क्षण गप्प व्हायची. वागळे इस्टेट तर एमआयडीसीची पहिली वसाहत. १९६२ ला महामंडळ झालं आणि पाठोपाठ ही उभी राहिली. मराठी, मल्याळी, तुळू, तेलुगू, उत्तर भारतातले, सगळे इथं एका शिफ्टमध्ये डबा खायचे. किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर ही वस्ती कारखान्यांमुळे झाली. तलावपाळी हा ठाण्याचा दिवाणखाना असेल, पण घर चालायचं ते इथल्या पगारावर.

पाहायला काय आहे? खरं सांगायचं तर पर्यटकाला काही नाही. रायलादेवीचा तलाव आहे. बाकी काचेच्या इमारती. पण कुणाचे वडील तिथं कामाला होते का, हे आधी विचारा.

चरईकर

जेके_ग्राम, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात त्यांनी टूलरूमला आयुष्य काढलं. मी मुद्दाम ते बेतात घेतलं नव्हतं, कारण कारखाना शेवटी ज्या पद्धतीने बंद झाला त्याबद्दल घरात फारसं बोललं जात नाही. ते ऐकत बसले, मग म्हणाले, ‘मला सोळा नंबरच्या रस्त्यावर ने. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.’

त्यामुळे बेत बदलतोय. आता प्रत्येकाने एकेक सकाळ मागायची असं ठरलंय. बाबांची वागळेची. बायकोची जांभळी नाक्याची. लेकीने चेंदणी निवडली, ‘रुळांमुळे भाऊ वेगळे झाले’ तिला फार भिडलंय. पाटलीपाडावाले, तुमची सकाळ चुलतभावाच्या नावावर टाकली आहे. मला काय उरतंय ते बघतो.

ऐरोली_खाडीपार

तुम्हाला उरतोय फ्लेमिंगो! गंमत नाही करत. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी पकडा, २००४ पासून ती आहे आणि ठाणेकर तिचा उपयोग फक्त नोकरीसाठी करतात. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून खाडीत बोट जाते. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला झालं आणि २०२२ ला ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. पक्षी नोव्हेंबरपासून येऊ लागतात, पण खरी गुलाबी गर्दी जानेवारीनंतर. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून बुकिंग आधी करा आणि दिवसाचा बाकी बेत तिच्याभोवती आखा. बोटीत चढताना बाबांना हात द्यावा लागेल.

नाखव्यांनी वासाचं सांगितलंच आहे. चिखलातला तो वास आहे म्हणूनच पक्षी आहेत, त्यांचं खाणं त्याच चिखलात.

नौपाडा_दुसरा_मजला

येऊरबद्दल कुणी काही म्हणालं नाही. पहाटे जा, नाहीतर नका जाऊ. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं अंग आहे, आत आदिवासी पाडे आहेत, लोक राहतात तिथं. हॉटेलांमुळे आणि शनिवार-रविवारच्या गाड्यांमुळे त्यांचं जे होतं ते आम्ही बघतो. उपवनला तलावाकाठी बसा आणि डोंगर खालूनच पाहा, असं माझं मत.

पुभाप्र_वाचक

वाचतेय. येऊन गेल्यावर लिहा हो, लोक सल्ला घेतात आणि गायब होतात.

चरईकर

गायब झालो नाही. परत आलो, ऑफिसच्या कामात बुडालो, आज लिहायला बसलोय. क्रमाने लिहीत नाही.

जांभळी नाका. बायकोने पालेभाजीवालीशी जे सुरू केलं ते आंबाडीवरून. वऱ्हाडात आंबाडीची भाजी कशी करतात आणि इथं कशी, हे दोघींनी रस्त्यात उभं राहून मिटवलं. मागून हातगाडी येत होती, कुणालाही फरक पडला नाही. मग कौपिनेश्वर. मी लहानपणी तिथं जायचो ते प्रसादासाठी आणि परीक्षेसाठी. गाभारा भरून टाकणारी ती पिंड एवढी मोठी आहे हे मी तिच्या चेहऱ्यावरून पाहिलं. आजचं देऊळ पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं हे बाबांनी तिला सांगितलं. मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

तिखटजाळ, तुमच्यासाठी खास: अकोल्याच्या बाईने मामलेदारची तिखट मिसळ खाल्ली आणि ‘चांगली आहे, पण तिखट कुठली?’ असं विचारलं. शेजारच्या टेबलावरचा एक जण वळून बघायला लागला. मिडियम मी खाल्ली आणि मी घामाघूम.

चेंदणी. लेक कॅमेरा घेऊन निघाली होती, पण पहिल्या गल्लीत तिने तो पिशवीत टाकला. लोकांच्या दारातून चालत होतो आणि दारात बायका बसल्या होत्या, त्यामुळे तिला अवघड वाटलं. एका आजींनी हाक मारून बसवलं, कुठून आलात, कुणाकडे आलात. आम्ही ‘कुणाकडेच नाही, बघायला आलो’ म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. ‘रेल्वेच्या पलीकडून कधी कोण बघायला येत नाय,’ म्हणाल्या. बाबांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. मीठबंदरला खाडी पाहिली, वास घेतला. दाल-पकवान फार आवडलं. नाखवा, तुमचा नकाशा आता आमच्या घरी आहे.

कोर्ट नाक्याला बाहेरूनच गेलो. तुरुंगाच्या भिंतीपाशी लेकीने कान्हेऱ्यांचं वय विचारलं आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या शाळेतल्या मोठ्या मुलांएवढे होते ते. डेंगळ्यांची गोष्ट तिने संध्याकाळी चुलतभावाच्या मुलांना रंगवून सांगितली, त्यात गाणं तिने स्वतः रचून घातलं.

आता वागळे. रिक्षा रोड नंबर १६ ला सोडली. बाबा म्हणाले चालूया. समोर काचेची इमारत, गेटवर सुरक्षारक्षक, गळ्यात पट्टे अडकवलेली मुलं बाहेर सिगारेट ओढत उभी. मी म्हटलं, ‘हेच ना?’ बाबा म्हणाले, ‘नाही, पुढे.’ पुढेही तसंच. मग त्यांनी इमारती बघायचं सोडलं आणि रस्त्याकडे बघायला लागले. इथं उतार होता, पावसात पाणी तिकडे जायचं. इथं शिफ्ट सुटली की सायकली. इथं संपाच्या वेळी मांडव. बोलत बोलत अर्ध्या तासाच्या वर चालले, मी आठवण करून दिली तर काठीनेच गप्प बसवलं. त्यांचं गेट जिथं होतं ती जागा त्यांनी एका वडाच्या झाडावरून ओळखली. झाड भिंतीच्या आत घेतलंय, त्याभोवती पार बांधलाय आणि त्यावर कर्मचाऱ्यांना बसायला बाकडी.

सुरक्षारक्षक बिहारचा होता. बाबांनी त्याला हिंदीत सांगितलं की मी इथं कामाला होतो. तो म्हणाला, कौनसी कंपनी? बाबांनी नाव सांगितलं. त्याने ऐकलेलं नव्हतं. पण पाच मिनिटं बाकड्यावर बसू दिलं. तिथं बसून बाबांनी माझ्या लेकीला मायक्रोमीटर कसा धरायचा ते हवेत हात धरून शिकवलं, एक मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाला कसा कळतो ते सांगितलं. तिने मोबाईलवर बघून तपासलं नाही. बायको मला हळूच म्हणाली, ‘तू मला एवढ्या वर्षांत तुझी शाळा तीन वेळा दाखवलीस, हे एकदाही नाही.’

येऊरला गेलो नाही. नौपाडावाल्या ताईंचं ऐकलं, उपवनला बसलो. फ्लेमिंगोंची बोट मिळाली, पक्षी थोडे होते, पण होते. सेंट्रल पार्कात बाबा रमले, हे पाटलीपाडावाल्यांना कळवणं भाग आहे. चुलतभाऊ अजून टोमणे मारतोय.

राम मारुती रोड सकाळी सातला केला. मी ‘इथं हे होतं, तिथं ते होतं’ असं सांगत सुटलो. मल्हार, वंदना, आराधना, कुठली टॉकीज, कुठला पिक्चर. लेक ऐकत होती. बायको शेवटी म्हणाली, तुम्ही सगळे ठाणेकर काय होतं तेच सांगता. आत्ता काय आहे ते सांगायला कुणी आहे का? त्यावर आम्ही तिघं बापलेक-नात गजाननकडे वळलो. ते आत्ताही आहे.

तिखटजाळ

तिखट कुठली?! वहिनींना साष्टांग नमस्कार. आणि शेवटी गजाननच, हे बाराआण्यांनी नोंदवून घ्यावं.

बाराआण्याचा_पास

नोंदवलं. चटणीसाठी गेले असतील.

चेंदणीचा_नाखवा

आजी कोण ते ओळखलं मी. दारात हसणाऱ्या आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण खुर्ची देऊन चहा करणाऱ्या त्याच. पुन्हा येताना नारळी पौर्णिमेला या. ‘कुणाकडे’ विचारलं तर माझं सांगा.

जेके_ग्राम

वडाचं वाचून थांबलो. माझे वडील गेल्यावर मी पोखरणला त्यांचा गेट शोधायला गेलो होतो, काही खूण सापडली नाही. तुम्ही त्यांच्या हयातीत नेलंत. सोळा नंबरवर कुठल्या बाजूचं झाड, ते व्यक्तिगत निरोपात कळवाल का? माझे एक काका त्याच रस्त्याला होते, बहुतेक शेजारच्या कंपनीत.

चरईकर

निरोप पाठवतो. बाबांना काकांचं आडनाव कळलं तर तुम्हाला फोन येईल, तयारीत राहा.

पाटलीपाडा_टॉवर_बी

बाबा रमले एवढं वाक्य मी फ्रेम करून लिफ्टमध्ये लावणार आहे.

पुभाप्र_वाचक

छान लिहिलंत. मला आईला न्यायचंय, ती व्हीलचेअरवर आहे. आम्ही पाडव्याच्या सुमारास डोंबिवलीहून येऊ. तलावपाळी जमेल का?

नौपाडा_दुसरा_मजला

पाडव्याच्या दिवशी मुळीच नको. कौपिनेश्वर न्यासाची स्वागतयात्रा असते, ढोल-ताशे, लेझीम, बाईकवर नऊवारीतल्या मुली. बघायला सुंदर, पण रस्ते बंद असतात आणि खुर्ची मधे अडकेल. आईंना यात्राच दाखवायची असेल तर नातेवाइकांची बाल्कनी शोधा. नुसता तलाव दाखवायचा असेल तर दोन दिवस आधी, मधल्या वारी, सकाळी साडेसहाला. गाडी गडकरीच्या बाजूला थांबवा, चढ-उतार तिकडे कमी आहे. फूटपाथच्या कडेला एक-दोन ठिकाणी पायरी लागते, सोबत दोघं असू द्या. मी त्या वेळी चालायला असतेच, हाक मारा.